आधी मुलांचे प्रश्न तर ऐका

बारावीनंतर हॉस्टेलला जाणाऱ्या चर्चमधल्या मुलांना ख्रिस्ती विश्वासाबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देता यावीत म्हणून चार रविवारांचा वर्ग घ्यावा आणि प्रश्नोत्तरांची पुस्तिका छापावी, अशी सूचना आली आहे. वर्गाचं पटलं. छापील पुस्तिका मात्र नको. पाठ केलेलं उत्तर रूममेटच्या दुसऱ्याच प्रश्नाला गळून पडतं.

पंडिता रमाबाईंचं बघा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतरही त्रैक्याचा सिद्धान्त (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) त्यांच्या गळी उतरेना. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. तिथल्या प्राचार्या डॉरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना पत्रांतून सविस्तर उत्तरं दिली. वाँटेजच्या ज्या मठात रमाबाई राहिल्या, तिथल्या सिस्टर जेराल्डीनना मात्र हेच प्रश्न हट्टीपणाचे वाटत. (आपल्या चर्चमध्ये कोणता प्रकार जास्त सापडतो, हे सांगायला नको!)

म्हणून पहिल्या रविवारी फक्त प्रश्न गोळा करा, हवं तर नाव न लिहिता चिठ्ठ्यांवर. उत्क्रांती येईलच, पण ‘आजीसाठी इतकी प्रार्थना केली, तरी ती का गेली?’ हेही येईल. त्याला तर्कशास्त्र पुरत नाही. आणि बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 3:15 हे वचन शिकवताना ‘उत्तर द्यायला तयार असा’ इथेच थांबू नका, पुढे सौम्यतेचीही अट आहे. आमच्या तरुणसंघात ती कायम गाळली जायची.