मार बसला, पुढे कोणतं कलम लागलं? तुमचा अनुभव लिहा

खुनाच्या बातम्यांवर आपण तावातावाने बोलतो. पण ज्याला मार बसला, ज्याने मारलं किंवा ज्याने नुसतं पाहिलं, त्याची पुढे कायद्याशी गाठ कशी पडली हे कुणी लिहीत नाही. सुरुवात मी करतो.

2019, जून संपत आलेला. बांध कोरण्यावरून चुलतभावाशी जुंपली आणि त्याने खोऱ्याचा दांडा घातला. ठाण्यात अंमलदारांनी मेडिकलची यादी, म्हणजे दवाखान्यात तपासणीसाठीचं पत्र, हातात दिली. दवाखान्यातून परत आलो तर एनसी, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं 323 (साधी दुखापत), 504 (डिवचणारा अपमान), 506 (धमकी). म्हणजे अदखलपात्र. कागद मिळतो, पण न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय पोलीस तपासाला हात लावत नाहीत. तिसऱ्या दिवशी हात टम्म सुजला. एक्स-रे काढला, करंगळीचं हाड मोडलेलं. फिल्म घेऊन पुन्हा ठाण्यात. 323 चं 325 (जबर दुखापत) झालं, एक वर्षापर्यंतची शिक्षा सात वर्षांपर्यंत गेली. एवढ्याशा करंगळीवर!

तोवर त्यानेही फिर्याद दिली होती, माझ्या आईने दगड मारला म्हणून. क्रॉस केस. आई तेव्हा वारीत होती.

रात्रपाळी
सरकारी रुग्णालयात तीन वर्षं कॅज्युअल्टी केली. साधी दुखापत की जबर, हे डॉक्टर मनाने ठरवत नाही. कायद्यात आठ प्रकार आहेत. दृष्टी किंवा ऐकू येणं कायमचं जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं, निखळणं वगैरे. शेवटचा प्रकार म्हणजे जिवाला धोका, किंवा 20 दिवस तीव्र वेदना, किंवा तितके दिवस रोजची कामं न होणं. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीत या 20 चे 15 झाले. गुन्हा त्याआधीचा असेल तर मात्र जुनंच कलम.

रात्री दोनला दोन्ही पार्ट्या एकाच बाकावर बसलेल्या असतात आणि दोघींनाही ‘जबर’ लिहून हवं असतं. एकाने हलणारा दात दाखवला. पायोरिया होता, हिरड्यांचा आजार. तसंच लिहिलं, तर बाहेर मलाच दम. साक्षीला गेलं की आरोपीचे वकील हमखास विचारतात, ‘डॉक्टर, पडूनही अशी जखम होऊ शकते ना?’ होऊ शकते. खरं तेच सांगावं लागतं, आणि फिर्यादीची बायको मागच्या बाकावरून बघत असते.

चिंचेची_सावली
दातसुद्धा?? पार्किंगच्या भांडणात आमच्या ह्यांचा पुढचा दात पडला होता. मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला.

तिसरी_बाजू
मी मारणाऱ्यांपैकी. लिहू की नको, दोन दिवस घोळत होतं.

बावीस वर्षांचा होतो. विसर्जनाची मिरवणूक, दोन मंडळांत पुढे कोण यावरून बाचाबाची, माझ्या हातात बांबू. समोरच्याच्या डोक्याला सहा टाके पडले. सगळे म्हणाले 324 लागेल, घातक हत्याराने दुखापत, तीन वर्षांपर्यंतचं. लागलं 307, खुनाचा प्रयत्न. दहा वर्षांपर्यंत, आणि जखम झालेली असेल तर जन्मठेपेपर्यंत. जामीन मिळायला 41 दिवस गेले. आई आजही म्हणते, पोलिसांनी मुद्दाम वाढवून लावलं. मी तिला काही बोलत नाही. बांबू उचलताना मी नेम डोक्यावरच धरला होता, हे मला माहीत आहे.

सत्र न्यायालयाने शेवटी 307 सिद्ध धरलं नाही, 324 धरलं. आत काढलेले दिवस हीच कैद आणि वर दंड. पण खटला चालू असताना पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत दुबईची नोकरी गेली. तो मुलगा अजून उन्हात टोपीशिवाय फिरत नाही, असं ऐकतो.

उंबरा
पट्ट्याचे वळ एक्स-रेत दिसत नाहीत. मला 498अ सुचवत होते, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा. (आता न्याय संहितेत ते कलम 85 आहे.) पण त्याला आत टाकून मी मुलीला घेऊन राहणार कुठे? शेवटी 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्ज केला. मारहाणीला मनाई आणि त्याच घरात राहण्याचा आदेश मिळाला. सासूबाई वर्षभर बोलल्या नाहीत. चाललं.

चहावाला_कोपरा
मी नुसता पंच, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याचा साक्षीदार. दुकानापुढे वार झाला, पंचनाम्यावर सही केली, विसरलो. पाच वर्षांनी समन्स. शिपायाने पुकारा केला, आत गेलो, तर मुद्देमालातला, म्हणजे जप्त केलेला, कोयता पुढे धरला. ‘हाच का?’ कोयते सगळे सारखेच असतात हो! म्हटलं, सही माझी, पंचनामा माझ्यासमोर झाला, कोयता हाच का ते सांगता येत नाही. सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. बाहेर आरोपीच्या भावाने येऊन माझा हात हातात घेतला. मी त्याच्यासाठी काही केलं नव्हतं. पण घरी येऊन दोनदा हात धुतला.

धागाकर्ता
सगळे विचारताहेत म्हणून पुढचं लिहितो. 325 मध्ये न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होते. मागच्या महिन्यात दोन्ही बाजूंनी अर्ज दिला. त्या दिवशी एकाच जीपने गेलो, भाडं त्याने दिलं. करंगळी वाकडीच राहिली. सरकारी मोजणीचे पैसे दोघांनी मिळून भरलेत, मोजणीदार अजून आलेला नाही.