हॅमॉकवर बांधायला हलकी, परवडणारी ताडपत्री कोणती? (मदत हवी आहे)

मंडळी, पुढच्या पावसाळी भटकंतीआधी ताडपत्री घ्यायची आहे, पण वाचावं तितका गोंधळ वाढतोय.

हॅमॉक (दोन झाडांमधे टांगायचा कापडी झोपाळा) साधाच आहे, तीन मीटर लांबीचा, दोन्ही टोकांना चुण्या घातलेला. सगळं पाठीवर नेतो, म्हणून वजनाचा प्रश्न. आजवर घरात पडलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर भागवलं, अडीच बाय दोन मीटरची. गेल्या खेपेला रात्री झड सुरू झाली. पायांना गार लागलं म्हणून चाचपलं, तर स्लीपिंग बॅगेचा तळ चिंब. तासाभरात पाठीखालीही ओल आली. टॉर्च मारून बघितलं, ताडपत्रीला भोक कुठेच नाही! वर एका कोपऱ्याची धातूची रिंग वाऱ्याने प्लॅस्टिकसकट उपटली आणि ते टोक पहाटेपर्यंत कानाशी फडफडत होतं.

तर, तीन बाय तीन पुरेल का? सिलनायलॉन (सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन) घ्यावं की पॉलिएस्टर? आणि हे १५०० मिमी, ३००० मिमी आकडे (किती उंच पाण्याचा दाब कापड सोसतं ते) कितपत मनावर घ्यायचे? डायनीमा या महागड्या कापडाचा सल्ला कृपया नको, खिसा तेवढा खोल नाही.

प्रतिसाद १

पाठीखालचं पाणी ताडपत्रीतून आलेलंच नाही. ते झाडावरून आलं. खोडावरून ओघळणारं पाणी हॅमॉक झाडाला बांधायच्या पट्ट्याला लागतं, पट्टा उतरता, त्यामुळे ते सरळ हॅमॉकच्या टोकात आणि तिथून कापडाला धरून सगळ्यात खोल जागी, म्हणजे तुमच्या पाठीखाली. नवी ताडपत्री घेऊनही हे थांबणार नाही. दोन्ही पट्ट्यांना, हॅमॉकच्या टोकाच्या जरा अलीकडे पण ताडपत्रीच्या आडोशात, सुती दोरीचा एकेक तुकडा बांधून खाली लोंबता सोडा. बुटाची जुनी लेस चालते. पाणी तिथून जमिनीवर ठिबकतं.

पायांचं गणित वेगळं. पट्टे साधारण तीस अंशांत बांधले तर तीन मीटरचा हॅमॉक टोकापासून टोकापर्यंत अडीच मीटरच्या आसपास भरतो. तुमची ताडपत्रीही अडीचच, म्हणजे वळचण शून्य. दोन्ही बाजूंना निदान वीतभर तरी जास्त हवी. तीन बाय तीन सरळ बांधली की आढं तीन मीटरचं होतं, दोन्हीकडे पाव मीटर मिळतं. पुरेल.

तीच तिरकी, कर्णावर बांधली तर आढं सव्वाचार मीटरचं होतं आणि फोटोही छान येतो. पण बाजू टोकांकडे निमुळत्या होत जातात, झडीत डोकं आणि पाय उघडे पडतात. वारा असेल तर सरळच बांधा, आणि खाली ओढून.

प्रतिसाद २

वरच्या लेसच्या युक्तीला माझेही दोन गुण.

कापडाबद्दल: सिलनायलॉन हलकं आणि चिवट, पण ओलं झालं की ताणतं. संध्याकाळी ढोलासारखी ताठ बांधलेली ताडपत्री मध्यरात्री पोट सुटल्यासारखी लोंबते, मग पावसात उठून दोऱ्या आवळा. पॉलिएस्टर त्या मानाने फारच कमी ताणतं. कमी खर्चात पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं पॉलिएस्टर बरं. थोडं जड, पण शिवणीला आतून टेप लावलेली मिळते. तेवढं एक पाळा: ओली गुंडाळून महिनोन्महिने ठेवू नका, कोटिंग चिकट होऊन सोलवटतं.

आकड्यांचं टेन्शन घेऊ नका. ताडपत्रीवर पाणी साचत नाही, ओघळून जातं. तंबूच्या तळाला जास्त लागतं कारण त्यावर आपलं वजन पडतं. इथे १५०० पुष्कळ.

त्यापेक्षा शिवण बघा. मोठ्या ताडपत्रीत कापडाचे दोन तुकडे जोडलेले असतात आणि तो जोड नेमका आढ्यावर, तुमच्या नाकासमोर. सिलिकॉनच्या कापडाला टेप चिकटत नाही, तिथे सिलिकॉन सीलर स्वतः लावायला लागतो. आणि रिंगांऐवजी शिवलेल्या पट्टीचे फास असलेलीच घ्या. कोपऱ्यांवर दुहेरी कापड आहे ना, बोटांनी चिमटीत धरून पाहा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. राहवलं नाही म्हणून आजच अंगणात हॅमॉक टांगला आणि पट्ट्यावर तांब्याने पाणी ओतलं. पहिल्या तांब्याला पाणी गुपचूप कापडात शिरलं. लेस बांधून दुसरा ओतला, तर लेसच्या टोकातून धार लागली आणि हॅमॉक जवळजवळ कोरडा. इतके दिवस बिचाऱ्या ताडपत्रीला शिव्या घालत होतो.

तीन बाय तीन, पीयू पॉलिएस्टर, शिवलेले फास, हे पक्कं. आता एकच शंका: आढ्याची दोरी ताडपत्रीखालून अखंड न्यावी की दोन्ही टोकांना वेगवेगळी बांधावी?

प्रतिसाद १

अखंड, खालून. दोरीवर दोन प्रुसिक गाठी (ताण आला की घट्ट धरतात, सैल असताना सरकतात) मारून ताडपत्रीची टोकं त्यांत अडकवा. मग झाडांच्या बरोबर मधे आणायला ताडपत्री नुसती सरकवायची, गाठी सोडायच्या नाहीत. फक्त या दोरीचीही टोकं झाडालाच आहेत, तेव्हा आणखी दोन लेस शोधून ठेवा.