‘इम्युनोथेरपी’ला मराठीत काय म्हणावं?

कॅन्सरच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. ‘इम्युनोथेरपी’साठी ‘प्रतिकारशक्तिवर्धक उपचार’ चालेल का?

— ‘वर्धक’ नको. नातेवाईक म्हणतील, मग गुळवेलीचा काढाच देऊ की! ओपीडीत सगळे ‘इम्युनो’च म्हणतात. शब्द तोच ठेवा, खाली अर्थाची एक ओळ द्या.

— ती ओळच अवघड आहे. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही औषधं शक्ती वाढवत नाहीत. टी-पेशींवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) पीडी-१ नावाचं प्रथिन असतं, ते त्यांना आवरून धरतं. एरवी ते गरजेचंच, पण कॅन्सरच्या पेशी त्याचाच फायदा घेऊन निसटतात. औषध हा आवर काढतं. होन्जो आणि ॲलिसन यांना २०१८चं नोबेल मिळालं ते असे आवर काढण्याच्या कामासाठीच. आता आवर सुटला की त्याच पेशी थायरॉइड, आतडी, फुप्फुसं यांच्यावरही उलटू शकतात. म्हणून जुलाब लागले तरी घरी इलाज करत न बसता डॉक्टरांना कळवायचं असतं. ‘वर्धक’ म्हटलं की हा धोका दिसतच नाही. शक्ती वाढली तर बिघडलं कुठे, असंच वाटणार.

— हा आवर काढण्याला इंग्रजीत ‘चेकपॉइंट ब्लॉकेड’ म्हणतात, त्याचं कुणी ‘नाकाबंदी’ करू नये, एवढी विनंती. नाकाबंदीत वाहनं अडवतात, इथे तर नाकाच उठवायचा आहे.

— बीसीजी राहिलं. दंडावर व्रण ठेवणारी तीच लस. मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कॅन्सरवर ती नळीवाटे थेट मूत्राशयात सोडतात, सुरुवातीला दर आठवड्याला एकदा, सहा आठवडे. तिथे ‘प्रतिकारशक्ती चेतवणे’ बरोबर बसतं.

— आणि कार-टी? (मोटारीशी संबंध नाही.) रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांच्यात नवा जनुक घालून, वाढवून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला २०२३मध्ये मंजुरी मिळाली. त्यातल्या पेशी सीडी-१९ ही खूण असलेल्या बी-पेशींना (काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये याच पांढऱ्या पेशी बिघडतात) हेरतात. याला ‘पेशीरोपण’ म्हणू नका, बोनमॅरो ट्रान्सप्लांटशी घोळ होईल. ‘घडवलेल्या पेशी’ म्हणा.

— मग असं लिहिते : ‘इम्युनोथेरपी म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारण्याचं काम शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून करून घेणारे उपचार.’ पुढे प्रत्येक उपचाराचं क्रियापद वेगळं. ‘मारण्याचं’ जरा रांगडं वाटतं का?

— नाही. ‘निर्मूलन’ केलंत तर आजीला परत विचारावं लागेल.