एक्स-रे नॉर्मल, तरी बरगडी दुखतेच

तीन आठवडे झाले, एक्स-रेत काही नाही, तरी दुखतं. छातीला पट्टा बांधू का, असं विचारलंत. बारीक तडा साध्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही. आणि नुसता मार असला तरी दुखणं महिनाभर सहज पुरतं.

मी परतवाड्याजवळच्या पांदणीत गियरची सायकल घेऊन आपटलो. चाक बैलगाडीच्या चाकोरीत अडकलं, हँडल थेट छातीत. आजी म्हणे, "घट्ट धोतर गुंडाळ रे बापू!" डॉक्टरांनी चक्क मनाई केली. आवळलं की श्वास उथळ होतो, कफ साचतो, न्यूमोनियाची भीती. उलट दर तासाला आठ-दहा दीर्घ श्वास घ्यायला लावले. ते जमावं म्हणूनच दुखणं कमी करायच्या गोळ्या. उगाच मर्दानगी म्हणून टाळू नका.

खोकताना उशी छातीशी कवटाळा. झोप मात्र बाजेवर येईना, पंधरा दिवस आरामखुर्चीतच काढले. शिंक आली की देव आठवायचा!

दम लागला, ताप आला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.

सहा आठवड्यांनी मी सायकल काढली, पण डांबरीवरच. पांदणीत अजून कळ येते.