जोडीचा डेटा असेल तर जोडी मोडू नका

'प्रशिक्षणाआधीचे आणि नंतरचे गुण त्याच विद्यार्थ्यांचे आहेत, तरी टी-चाचणीत (दोन सरासरींमधला फरक खरा की निव्वळ योगायोग, हे तपासणारी चाचणी) फरक दिसत नाही' असं वर विचारलंय. माझ्या मते चाचणीच चुकीची निवडली गेली आहे. दोन स्वतंत्र गटांची चाचणी इथे लागूच होत नाही, जोडीची हवी, म्हणजे एकाच विद्यार्थ्याचे आधीचे-नंतरचे गुण जोडून बघणारी.

आकडे घेऊन बघा. आधीचे गुण ५०, ६०, ७०, ८० आणि नंतरचे ५३, ६२, ७४, ८३. स्वतंत्र गट मानले तर टी (सरासरीतला फरक त्यातल्या अनिश्चिततेच्या किती पट आहे तो आकडा) येतो जेमतेम ०.३३, कारण मुलामुलांमधली तफावत ३ गुणांची सरासरी वाढ गिळून टाकते. आता प्रत्येकाचा फरक काढा: ३, २, ४, ३. यावर टी येतो ७.३५! डेटा तोच, पण प्रत्येकाची तुलना स्वतःशीच झाली.

गट खरंच वेगळे असतील तर मी सरळ वेल्चची चाचणी वापरते, म्हणजे दोन्ही गटांचं प्रसरण (गुणांचा विखुरलेपणा) समान न मानणारी टी-चाचणी. 'आधी प्रसरण समान आहे का ते तपासा, मग ठरवा' हा वरचा सल्ला मला पटत नाही. लहान नमुन्यात ती तपासणी असमानता सहज चुकवते, आणि प्रसरण समान निघालं तरी वेल्चमुळे फारसं नुकसान होत नाही. आणि हो, पी-मूल्यासोबत (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) सरासरीतला फरक आणि त्याचा ९५% विश्वास-अंतराल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) नक्की लिहा.