‘कीका’ पुन्हा बघितला, आता हसू येईना. कुणी बघितलाय काय?

खानापूरचा शूटिंगवाला:
स्पॅनिश दिग्दर्शक आल्मोदोवारचा सिनेमा ‘कीका’ (१९९३). कॉलेजात सीडीवर बघितलेला, निम्मा कळलाच नव्हता. परवा परत लावला. त्यातली आंद्रेआ काराकोर्तादा टीव्हीवर ‘दिवसातलं सगळ्यात वाईट’ नावाचा कार्यक्रम चालवते. फ्रेंच फॅशन डिझायनर गोतिएचा पोशाख, डोक्यावर कॅमेरा, छातीवर दिवे. तेव्हा खदाखदा हसलेलो.

मी लग्नाच्या शूटिंगा करतो. २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभा नदी चढली तेव्हा एका चॅनेलला फुटेज देत होतो. (कन्नड का मराठी विचारू नका, दोन्हीकडं तेच.) एका आजीची मातीची भिंत बसलेली. ती चिखलातनं तांदळाचा डबा उपसत होती. फोनवर ऑर्डर आली, ‘रडताना घ्या.’ आजी काही रडेना. मी विचारलं, “आजी, किती नुकसान झालं?” ती म्हणाली, “आधी डबा धर बघू.” एका हातात डबा, एका हातात कॅमेरा. फुटेज सगळं हललेलं. तेच चालवलं, मागं सनई लावून.

आता प्रश्न. टीव्हीला झोडपणारा हा सिनेमा स्वतः बलात्काराचा प्रसंग लांबवून लांबवून विनोदी करतो. मग आंद्रेआत आणि दिग्दर्शकात फरक काय राहिला?

निपाणीची वहिनी:
काही नाही. मी तिथंच बंद केला. पोलीस त्या माणसाला ओढून काढतायत आणि आपण म्हणे हसायचं! हसणारे कोण, ते बघून ठेवा.

टिळकवाडी ७२:
वहिनी, अजून थोडा बघायला हवा होता. समोरच्या खिडकीतनं कुणीतरी ते चित्रित केलेलं असतं आणि आंद्रेआ तेच टीव्हीवर दाखवते. कीका स्वतःला पडद्यावर बघते, तिथं विनोद संपतो. कीका झालेल्या वेरोनिका फोर्केला गोया पुरस्कार (स्पेनचा सिनेमाचा मोठा पुरस्कार) मिळाला तो उगाच नव्हे. स्पेनमध्ये खासगी चॅनेलं १९९० ला सुरू झालेली, म्हणजे आल्मोदोवारनं त्यांना तीन वर्षांत ओळखलं की. पण आधीचा प्रसंग चुकलाच, त्याला माफी नाही. मला त्यातली पुस्तकांच्या कार्यक्रमाची म्हातारी जास्त आवडते. ती दिग्दर्शकाची खरी आई.

निपाणीची वहिनी:
बरं, शेवट बघते. पण भाऊ, त्या डब्याचं काय झालं?

खानापूरचा शूटिंगवाला:
निम्मे तांदूळ भिजलेले. पाऊस उघडल्यावर आजीनं देवळाच्या कट्ट्यावर वाळत घातले. वास गेला नाही, कोंबड्यांना घातले म्हणाली. त्याचं शूटिंग कुणी मागितलं नाही.