मदत हवी आहे: गरोदरपणात आतड्यात अडथळा, एमआरआय करू द्यावा का?

घाईत_आहे: बायकोला कालपासून उलट्या, पोटात कळा. अ‍ॅडमिट केलंय, नाकातून नळी घातली आहे. आतड्यात अडथळा वाटतोय म्हणतात. एमआरआय करायचाय, वेळ पडली तर ऑपरेशन. बाळाला काही होणार नाही ना? लवकर सांगा, सही मागतायत.

निळीशाई: कितवा आठवडा? उलटीचा रंग? गॅस सरतोय का?

घाईत_आहे: २६वा. हिरवट. गॅस, शौच दोन्ही परवापासून बंद. पोट टम्म फुगलंय.

आनंदीमाय: अहो, मला दोन्ही वेळा सातव्या महिन्यापर्यंत उलट्या होत्या. बद्धकोष्ठ तर सगळ्यांनाच होतं. रेचक द्या, मोकळं होईल.

जुना_सर्जन: ताई, हा सल्ला नको. पुढे वाट बंद असताना मागून रेचक ढकलायचं? २६व्या आठवड्यात नव्याने सुरू झालेली हिरवी उलटी गरोदरपणाच्या खात्यात टाकायची नसते. निदानाला उशीर होतो तो यामुळेच. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालंय?

घाईत_आहे: नाही. म्हणजे अपेंडिक्सचं झालंय, पण शाळेत असताना. त्याचा काय संबंध?

जुना_सर्जन: तोच तर संबंध! जुन्या ऑपरेशननंतर आत चिकटलेले पट्टे राहतात. गर्भाशय वाढत वर सरकलं की आतडं त्यांत अडकतं. गरोदरपणातल्या अडथळ्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. डॉक्टरांना सांगितलंत?

घाईत_आहे: फॉर्मवर 'नाही' लिहिलं होतं. आत्ता खोडून आलो.

क्षकिरण: एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, बिनधास्त सही करा. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन तेवढं टाळतात. एमआरआयला उशीर होणार असेल तर सीटी स्कॅनलाही अडू नये, त्यात क्ष-किरण असले तरी.

उनाड: गरोदर बाईचा सीटी? काहीही!

क्षकिरण: पोटाच्या एका सीटीचा किरणांचा डोस साधारणपणे ५० मिलिग्रेच्या आत राहतो. त्याखाली बाळात व्यंग आल्याचं दिसलेलं नाही. सडलेल्या आतड्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

उनाड: तुमच्या घरातली असती तर केला असतात?

कांचन: डाव्या कुशीवर झोपवा. आणि बाळासाठी नावांची यादी हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निळीशाई: यादी राहू दे! कळा येऊन-जाऊन आहेत की सलग?

घाईत_आहे: मघापर्यंत येऊन-जाऊन. तासाभरापासून थांबतच नाहीयेत. अंगही तापलंय.

जुना_सर्जन: मोबाइल ठेवा, नर्सला बोलवा. सलग दुखणं आणि ताप म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. नळी आणि सलाइनवर वाट बघायचं आता पुरे. ऑपरेशन लांबलं तर बाळाला जास्त धोका.

घाईत_आहे: रात्री एमआरआयनंतर लगेच आत घेतलं. एक पट्टा कापला. आतडं काळपट पडलं होतं, पण गरम सलाइनच्या घड्या ठेवल्यावर रंग परतला, कापावं लागलं नाही. बाळाचे ठोके १४८. गॅस अजून सरला नाहीये, किती दिवस लागतात?

जुना_सर्जन: दोन-चार दिवस धरा. तोवर नळी काढायची घाई करू नका.

उनाड: म्हणजे सीटी लागलाच नाही!